गुडघा बदलण्याआधी पूर्ण पायाचा फोटो काढला का?

गेल्या महिन्यात ६६ वर्षांच्या एक मावशी मुलाचा हात धरून ओपीडीत आल्या. दोन्ही गुडघे झिजलेले, उजवा जास्त. मुलाच्या हातात जाडजूड फाइल होती. तीत मोठ्या शहरांतल्या दोन रुग्णालयांची अंदाजपत्रके, गुडघ्याचा एमआरआय, रक्ताचे डझनभर रिपोर्ट आणि गुळगुळीत कागदावर छापलेले रोबोटचे रंगीत माहितीपत्रक. ऑपरेशन ठरल्यातच जमा होते. मुलाला माझ्याकडून एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. "डॉक्टर, रोबोटनं करायचं का साधं? रोबोटचे लाखभर जास्त सांगतात."

मी फाइल दोनदा चाळली. उजव्या गुडघ्याचे दोन एक्स-रे होते, एक समोरून, एक बाजूने, तेही मावशींना टेबलावर झोपवून काढलेले. खुब्यापासून घोट्यापर्यंत सबंध पाय दिसेल असा, उभ्याने काढलेला फोटो कुठेच नव्हता. तो आधी काढून आणा, मग रोबोटचे बोलू, असे मी सांगितले. मुलाचा चेहरा उतरला. एवढा महागाचा एमआरआय झाल्यावर आता साधा फोटो कशाला, हे तो बोलला नाही, पण मला ऐकू आले. त्या न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर द्यावे, म्हणून आजचा हा लेख. गुडघा बदलायला निघालेल्या घरांची संख्या आपल्या जिल्ह्यातही आता थोडीथोडकी राहिलेली नाही.

गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या पायालाही असाच एक ओळंबा आहे. खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत सरळ रेघ मारली, तर बहुतेक निरोगी माणसांत ती गुडघ्याच्या साधारण मधून जाते. शरीराचा भार या रेघेवरून खाली उतरतो. रेघ मधून गेली की गुडघ्याच्या आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंवर भार वाटला जातो. ती आतल्या बाजूला सरकली की आतली कूर्चा जास्त झिजते, झिजल्यामुळे पाय आणखी वाकतो, वाकल्यामुळे रेघ आणखी आत सरकते. आपल्याकडच्या आजी-आजोबांचे पाय धनुष्यासारखे का होतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच. जीपची अलाइनमेंट बिघडली की टायर एका बाजूने खाल्ला जातो. अलाइनमेंट तशीच ठेवून नवा टायर बसवला तर तोही त्याच बाजूने खाल्ला जाणार, हे कोणताही ड्रायव्हर सांगेल.

सांधा "बदलणे" हा शब्द तसा फसवा आहे. सबंध गुडघा काढून दुसरा बसवत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक साधारण ९-१० मिलिमीटर जाडीने कापतात. वरच्या टोकावर धातूची टोपी आणि खालच्यावर धातूची बैठक, बहुधा सिमेंटने, बसवतात आणि मध्ये टणक प्लॅस्टिकची चकती घालतात. म्हणजे सगळी करामत आहे ती हाड कोणत्या कोनात कापले यात. धातू आणि प्लॅस्टिक चांगल्या कारखान्यातून येते. कोन मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्याला त्या रुग्णापुरता शोधावा लागतो.

आता थोडे गणित. मांडीचे हाड साधारण ४२ सेंटिमीटर लांबीचे धरू. गुडघ्यापाशी कापण्यात एक अंशाची चूक झाली, तर खुब्यापाशी ती सुमारे ७ मिलिमीटरची होते. तीन अंशांची झाली तर दोन सेंटिमीटरच्या वर. ऑपरेशनच्या टेबलावर मात्र सर्जनपुढे फक्त उघडा गुडघा असतो. खुब्याचा गोळा मांसात खोल दडलेला, वर हिरव्या चादरी. ज्या दोन टोकांवरून रेघ ठरते, त्यांतले एक टोक त्याला दिसतच नाही. ते आधी फोटोत पाहून ठेवायचे असते.

नेहमीच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत खालून एक लांब सळई घालतात आणि त्या सळईला कापण्याचा साचा जोडतात. सळई हाडाच्या पोकळीच्या दिशेने जाते, भाराच्या रेघेच्या दिशेने नाही. या दोन दिशांमध्ये बहुतेक माणसांत पाच ते सात अंशांचा फरक असतो, म्हणून साचा सहा अंशांवर लावण्याची सवय अनेक हातांना पडलेली आहे. पाश्चात्त्य पुस्तकांत वाढलेली ही सवय आपल्या रुग्णांत नेहमी चालत नाही. आपल्याकडे मांडीच्या हाडालाच बाहेरच्या बाजूला बाक असणे बरेच आढळते, आणि हाडाला बाक असला की हा कोन वाढतो. मुंबईच्या शल्यविशारदांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांतही तो माणसागणिक, इतकेच काय एकाच माणसाच्या दोन पायांतही, वेगळा निघालेला आहे. ज्याचा कोन नऊ अंश आहे त्याला सहाचा साचा लावला, तर हाड कापण्याआधीच तीन अंशांची चूक ठरून गेली. पूर्ण पायाचा फोटो असेल तर हा कोन पट्टी आणि कोनमापकाने पाच मिनिटांत मोजता येतो. आता संगणकाच्या पडद्यावर त्याहून लवकर.

हे सगळे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. २००३ सालची गोष्ट आहे. आबा म्हणू या त्यांना. ऊस आणि भुईमूग करणारे शेतकरी, वय ६१, डावा गुडघा पार झिजलेला. गुडघे बदलण्याचे शिक्षण घेऊन मी गावी परतलो होतो आणि हातात उत्साह होता. पूर्ण पायाचा फोटो काढायला लागणारी लांब कॅसेट आमच्याकडे नव्हती, त्यासाठी शहरात पाठवावे लागे. एसटीचे हेलपाटे नकोत, असे आबाही म्हणाले आणि मलाही ते सोयीचे वाटले. गुडघ्याच्या छोट्या फोटोवर काम भागवले. ऑपरेशनमध्ये सळई वर जाताना अडली. मी आखूड सळई घेतली, साचा सहावर लावला आणि पुढे गेलो.

नंतरचा फोटो पुस्तकात छापावा इतका सुरेख आला. पायही आधीपेक्षा सरळ दिसत होता. आबांनी पेढे वाटले. सहा-सात वर्षे बरी गेली आणि २०११ मध्ये ते काठी टेकत आले. आतल्या बाजूला दुखत होते, पाय पुन्हा वाकत चालला होता. तोवर शहरात डिजिटल एक्स-रे आले होते. पूर्ण पायाचा फोटो मागवला आणि व्ह्यू बॉक्सवर लावला. मांडीच्या मधोमध जुन्या फ्रॅक्चरचा बाक स्वच्छ दिसत होता. लहानपणी ते बैलगाडीवरून पडले होते, वैदूने पाय बांधला होता, हाड वाकडे जुळले होते. त्यांचा कोन सहा नव्हता, अकरा होता. मी बसवलेला सांधा छोट्या फोटोत निर्दोष आणि पायाच्या हिशोबाने पाच अंश वाकडा होता. भार आठ वर्षे आतल्या कडेवर पडत राहिला आणि खालची बैठक सैल झाली. पुढल्या वर्षी पुण्याला त्यांचा गुडघा पुन्हा उघडावा लागला. दुसऱ्यांदा सांधा बदलणे हे पहिल्यापेक्षा मोठे, महाग आणि कष्टाचे काम असते. आबांनी एक शब्द बोल लावला नाही. पडल्याचे त्यांनी भरती होताना सिस्टरना सांगितले होते आणि केसपेपरवर ते लिहिलेलेही होते, हे मला नंतर दिसले.

लांब कॅसेट नव्हती ही सबब मी बरीच वर्षे स्वतःला सांगितली. मांडीचा एक साधा वेगळा फोटो काढला असता तरी बाक दिसला असता, त्याला लांब कॅसेट लागत नव्हती. असो.

मावशींच्या फोटोकडे येऊ. तो चार दिवसांनी आला. गुडघा झिजलेला होताच, रेघ बरीच आत सरकलेली होती. पण फिल्मच्या वरच्या कोपऱ्यात, जिथे छोटा फोटो कधी पोहोचतच नाही, तिथे उजव्या खुब्याच्या सांध्यातली फट जवळजवळ नाहीशी झालेली दिसली. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, कारण दोन्ही सांध्यांना जाणाऱ्या नसा काही अंशी एकच आहेत. हे आम्हाला शिकताना पहिल्याच वर्षी घोकवले जाते. मावशींना झोपवून खुबा फिरवून पाहिला असता तरी शंका आली असती. पण एमआरआय गुडघ्याचा, एक्स-रे गुडघ्याचा, तक्रार गुडघ्याची, म्हणून कोणी खुब्याकडे गेले नाही. फोटो येईपर्यंत मीही गेलो नव्हतो, हे कबूल करतो. आता त्यांच्या खुब्याचे आधी आणि गुडघ्याचे मागाहून, असे ठरले आहे. रोबोटने का साध्या पद्धतीने, हा प्रश्न मुलाने पुन्हा काढलेला नाही.

फोटो उभ्यानेच का, असेही विचारतात. झोपल्यावर पायावर भार नसतो. झिजलेल्या सांध्यातली फट उघडी पडते आणि गुडघा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. उभे राहिल्यावर हाडाला हाड टेकते आणि खरा प्रकार कळतो. अस्थिबंध किती ढिले झाले आहेत आणि चालताना पाय किती बाहेर फेकला जातो याचाही अंदाज येतो. आणखी एक गोम आहे. फोटो काढताना गुडघ्याची वाटी सरळ पुढे हवी, पावले नव्हेत. पाय थोडा जरी आत-बाहेर वळला, किंवा गुडघा पूर्ण सरळ होत नसताना वळला, तर सरळ पाय वाकडा आणि वाकडा पाय सरळ दिसू शकतो. घाईत काढलेला लांब फोटो हा न काढलेल्या फोटोपेक्षा धोक्याचा, कारण त्यावर विश्वास ठेवला जातो.

याच फोटोवर सांध्याचा साधारण आकारही आधी ठरवता येतो. पूर्वी त्यासाठी कंपन्यांच्या पारदर्शक पट्ट्या फिल्मवर ठेवून पाहत असू. आता ठरावीक मापाची धातूची गोळी गुडघ्याशेजारी ठेवून फोटो काढतात आणि तिच्यावरून संगणक माप लावतो. नडगीचे हाड आतल्या बाजूला किती खचले आहे, तिथे भर घालावी लागेल का, मांडीत जुनी पट्टी किंवा स्क्रू आहेत का, हेही आधी कळते. एखादा वेगळा आकार किंवा लांब दांड्याचा सांधा लागणार असेल तर तो ऑपरेशनच्या दिवशी हजर असला पाहिजे. जिल्ह्याच्या गावी तो शहरातून मागवावा लागतो, आणि रुग्ण टेबलावर असताना मागवता येत नाही.

आता त्या रोबोटविषयी. गुडघा बदलण्याची आधुनिक गोष्ट फार जुनी नाही. १९६८ साली फ्रँक गन्स्टन या कॅनडाच्या डॉक्टरांनी इंग्लंडमध्ये रायटिंग्टन येथे, जॉन चार्नली यांच्या हाताखाली, एक नवा कृत्रिम गुडघा बसवला. १९७४ मध्ये न्यूयॉर्कला जॉन इन्सॉल, चित्तरंजन रानावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी जो सांधा पुढे आणला, आजचे बहुतेक सांधे त्याचेच वंशज आहेत. यांतले डॉ. रानावत म्हणजेच ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा आणि जून २००१ मध्ये उजवा गुडघा बदलणारे. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत रोज गुडघाच असे आणि ओपीडीत वृद्ध मंडळी "वाजपेयींसारखा" सांधा मागत. तेव्हा रोबोट नव्हता. मागणी सांध्याची होती.

संगणक या क्षेत्रात शिरला तो जानेवारी १९९७ मध्ये, फ्रान्समधील ग्रेनोबल येथे. पायावर खुणा लावून कॅमेऱ्याने संगणकाला रेघ शोधायला लावण्याची ती पद्धत. पुढे रुग्णाच्या सीटी किंवा एमआरआयवरून त्याच्यापुरते साचे बनवण्याची टूम आली. तिचा बराच गाजावाजा झाला, पण नेहमीच्या साच्यांपेक्षा तिचा फायदा अनेक अभ्यासांत म्हणावा तसा दिसला नाही. २०१५ नंतर संपूर्ण गुडघ्यासाठी रोबोटचा हात आला. काही रोबोट आधी सीटी स्कॅन मागतात, काही ऑपरेशन चालू असतानाच हाडांचा नकाशा घेतात.

माझा या यंत्रांना विरोध नाही. यंत्राने कोन ठरवल्याप्रमाणे जास्त नेमका येतो आणि फार वाकडे बसणारे सांधे कमी होतात, हे खरे आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंद ठेवतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींच्या अभ्यासात, संगणकाच्या साह्याने ऑपरेशन झालेल्या ६५ वर्षांखालील रुग्णांत सांधा सैल होऊन पुन्हा बदलावा लागण्याचे प्रमाण कमी दिसले. आबांसारख्या बाकलेल्या मांडीच्या रुग्णाला, जिथे सळई जातच नाही, तिथे असे यंत्र मोठे साहाय्य करते. रोबोटने गुडघा बदलणाऱ्याला भाराची रेघ यंत्र काढून देते, हेही मान्य. पण नेमकेपणा म्हणजे सांगितलेला कोन अचूक कापणे. कोणता कोन सांगायचा, हे यंत्राला कोणीतरी ठरवून द्यायचेच असते, आणि खुबा झिजला आहे हे गुडघ्यावरचा रोबोट स्वतःहून सांगत नाही. रोबोटने केलेल्या गुडघ्यांत वर्षानुवर्षांनंतर वेदना कमी आणि समाधान जास्त असते, हे अजून ठामपणे सिद्ध झालेले नाही. जाहिरातीत मात्र ते सिद्ध होऊन चुकले आहे.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या कमाल किमती ठरवल्या. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूचा सांधा त्या वेळी जीएसटी सोडून ५४,७२० रुपयांवर आला. तोवर तो त्याच्या दुपटीहून अधिक किमतीला जात होता. सामान्य रुग्णासाठी हे फार चांगले झाले. तेव्हापासून जाहिरातींतून सांध्याचे नाव मागे पडून यंत्राचे नाव पुढे आले, असे माझे निरीक्षण आहे. योगायोग असेलही.

कोन कोणता सांगायचा, याचे उत्तर पूर्वी सोपे होते. रेघ गुडघ्याच्या बरोबर मधून, तीन अंशांच्या आतबाहेर. १९९१ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या ११५ गुडघ्यांच्या अभ्यासात रेघ सांध्याच्या मधल्या तिसऱ्या भागातून जात असेल तर सांधा सैल होण्याचे प्रमाण ३ टक्के आणि त्याच्या बाहेरून जात असेल तर २४ टक्के आढळले. आमची पिढी या आकड्यांवर वाढली. मग २०१० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकने ३९८ गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशोब मांडला. त्यात तीन अंशांच्या आत बसलेले सांधे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकले, असे दिसले नाही. २०१२ मध्ये बेल्जियमच्या बेलेमन्स आणि सहकाऱ्यांनी २५० निरोगी तरुण-तरुणींच्या पूर्ण पायांचे फोटो काढून पाहिले. ३२ टक्के पुरुषांचे आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय तीन अंश किंवा त्याहून जास्त जन्मजात घडणीनेच वाकलेले निघाले. ज्याचा पाय विसाव्या वर्षीही सरळ नव्हता, त्याचा पासष्टाव्या वर्षी ओळंब्यात आणायचा, तर आजूबाजूचे अस्थिबंध तासावे लागतात आणि गुडघा परका वाटतो. गुडघा बदललेल्यांपैकी पाचातला एक जण पूर्ण समाधानी नसतो, त्यामागे हेही एक कारण असावे असे मानणारे आज पुष्कळ आहेत. अशांपैकी काही सर्जन रुग्णाचा मूळचा बाक थोडा राहू देतात.

हा वाद मिटलेला नाही आणि रुग्णाने त्यात पडण्याचे कारण नाही. मात्र फोटोची गरज यामुळे कमी होते, असे कोणी म्हणाले तर ते उफराटे आहे. सर्वांना एकच कोन द्यायचा असता तर एक वेळ अंदाजाने भागले असते. प्रत्येकाचा मूळ पाय कसा होता हे शोधायचे, तर दोन्ही पायांचा पूर्ण फोटो हवाच. एक गुडघा चांगला असेल तर मूळ घडण त्या पायात वाचता येते. आणि मेयोचा अभ्यास म्हणजे कितीही वाकडे बसवले तरी चालते, असा दाखला नव्हे. माझ्या आबांचा पाच अंश वाकडा गुडघा आठ वर्षांत सैल झालाच.

एमआरआयबद्दल स्पष्ट लिहितो, काही मंडळींना राग येईल. साठीच्या पुढच्या, पाय वाकलेल्या, उघड झिजलेल्या गुडघ्याला ऑपरेशन ठरवण्यासाठी एमआरआयची सहसा गरज नसते. तो झोपवून काढतात, गुडघ्यापुरताच काढतात आणि त्यात "मेनिस्कस फाटला आहे" असे हमखास लिहून येते. या वयात झिजलेल्या गुडघ्यात तो फाटलेलाच असतो. ते वाचून घरचे घाबरतात. तरुण माणसाचा गुडघा खेळताना मुरगळला, लिगामेंटची शंका आहे, किंवा फोटो चांगला असूनही दुखणे हटत नाही, तिथे एमआरआयला तोड नाही. सीटीची जागा वेगळी. टोपी किती पिळाने बसवायची हे साध्या फोटोत कळत नाही, ते सीटीत मोजता येते. ती आत पिळून बसली तर वाटी बाजूला सरकते आणि जिना चढता-उतरताना दुखते. पण बहुतेक सर्जन हा पीळ ऑपरेशनमध्ये हाडाच्या खुणांवरूनच ठरवतात. जुने फ्रॅक्चर, मोठा व्यंग किंवा सीटी मागणारा रोबोट असेल तेव्हा सीटी जरूर काढावा. सरसकट काढण्यात क्ष-किरणांचा जास्तीचा मारा आणि जास्तीचे बिल, दोन्ही आले.

पूर्ण पायाचा फोटो याच्या तुलनेत स्वस्त. एमआरआयच्या खर्चाचा तो लहानसा हिस्सा. एक्स-रे सेंटरवर "दोन्ही पायांचा उभ्याने स्कॅनोग्राम" म्हटले की समजते. मशीन खुबा, गुडघा, घोटा असे तीन फोटो घेते आणि संगणक ते जोडून एक करतो. तालुक्याच्या प्रत्येक गावी अजून ही सोय नाही, हे खरे. एक फेरी पडते. पण ज्या घराने ऑपरेशनसाठी सोसायटीचे कर्ज किंवा वासराचे पैसे उभे केले आहेत, त्या घराला ही फेरी जड नाही. तुमच्या सर्जनने तो फोटो सांगितला नसेल, तर तुम्हीच विचारा. विचारण्यात अपमान नाही. आमच्याकडे त्याऐवजी संगणकाने रेघ काढतात, असे उत्तर मिळाले तर तेही उत्तर आहे. "एवढ्याची काही गरज नसते" हे उत्तर मला पुरले नसते. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी, पाय पूर्ण सरळ होऊ लागला की, तसाच आणखी एक फोटो काढून ठेवावा. सर्जनला आपले काम कळते आणि पुढे कधी दुखले तर तुलनेला आधार राहतो.

फोटोला जाताना आजीबरोबर कोणीतरी जावे. उभे राहायला आधार लागतो, दोन्ही पायांवर सारखा भार द्यायचा असतो, आणि ज्यांचा एक पाय दुखतो ते नकळत दुसऱ्यावर रेलतात. पायातले पैंजण, कमरेचा करदोटा आधी काढून ठेवावा. लहानपणचे पडणे, जुने प्लॅस्टर, वैदूची पट्टी, जे आठवेल ते तिथल्या तंत्रज्ञाला आणि डॉक्टरांना, विचारले नाही तरी, सांगावे. फिल्म किंवा सीडी मागून घ्यावी. फिल्मचा मोबाइलवर तिरका काढलेला फोटो पाठवतात पुष्कळ जण, पण त्यावर कोन मोजता येत नाही.